उरलेली बाजू

तिचे सासरे खुर्चीत बसले आणि सलूनमधल्या सगळ्या कात्र्या थांबल्या. भांगाच्या उजवीकडे त्यांचे केस कसे नेटके, बेताचे कापलेले होते. डावीकडे नुसतं रान माजलं होतं. सलूनचे मालक पुढे आले. त्यांनी एकदा इकडून पाहिलं, एकदा तिकडून पाहिलं आणि हे असं अर्धवट कुणी सोडलं म्हणून विचारलं.

"सुनेनं," सासऱ्यांनी मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे बोट दाखवलं. "उरलेली बाजू तुम्ही कापा. तिची बाजू उणी दिसली, तर ती पुन्हा तुमच्या दारात यायची नाही. नाही दिसली, तर कामावर घ्या."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. युक्ती तिचीच होती, पण घरी चहा पिताना ती जितकी झकास वाटली होती तितकी इथे वाटेना. तिचं जुनं सलून बंद पडलं होतं. इथे एक खुर्ची रिकामी होती आणि ती तिला जिवापाड हवी होती. तीनदा ती येऊन गेली. तिन्ही वेळा तिचं काम न बघताच मालकांनी सांगितलं, की पुरुषांच्या केसांना बाईचा हात चालत नाही. अशा माणसाला अर्ज दाखवून काय उपयोग? केसच दाखवायला हवे होते. नवऱ्याच्या डोक्यावर कला दाखवण्याइतकं पीक उरलं नव्हतं. मग सासरे पुढे सरसावले. ज्या माणसानं भांग पाडल्याशिवाय कधी दूधवाल्याला दार उघडलं नाही, तो आज भर बाजारातून अर्धं डोकं मिरवत आला होता. सासूबाईंनी मात्र, असल्या ध्यानाबरोबर मी चार पावलंही यायची नाही, असं साफ सांगितलं होतं.

मालकांना चेव आला. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कात्री चालू केली. हात खरंच चांगला होता, तिनं मनोमन दाद दिली. वाट बघत बसलेली गिऱ्हाइकं पेपर बाजूला ठेवून जवळ सरकली. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

काम होतं न होतं तोच फोन वाजला आणि मालक बोलत बोलत बाहेर गेले. शेजारच्या कारागिरानं खाली पडलेले केस झाडायला खुर्ची अर्धी फिरवली, ती तशीच राहिली. मालक परत आले ते थेट सासऱ्यांच्या समोर. एका बाजूला कंगवा टेकवून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बघा, कच्चा हात लगेच कळतो. कानामागे पायरी पडली आहे. कल्लाही जरा वर गेलाय."

तिनं बोलावं तर भर दुकानात मालकांचं नाक कापलं जाणार, आणि नाक कापणारीला काम कोण देतं? न बोलावं तर नोकरी गेलीच. तिनं सासऱ्यांना नजरेनंच गप्प राहायला सांगितलं. पण सासरे कधी कुणाचं ऐकून गप्प बसलेत?

"मालक," ते अगदी हळू म्हणाले, "ही बाजू तुमची."

मागे कुणीतरी हसू दाबलं. मालकांनी खुर्ची पुन्हा आरशाकडे वळवली आणि वाकून दोन्ही कानांमागे बोट फिरवून पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. तिनं पर्स खांद्याला लावली. बाबांचे केस घरीच सारखे करू, असं ती मनाशी म्हणत होती, तोवर मालकांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. सगळं सलून त्यांच्याबरोबर हसायला लागलं. हसता हसताच त्यांनी खुंटीवरचा एप्रन काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि आपली कात्री तिच्या हातात दिली.

"चल, लाग कामाला," ते डोळे पुसत म्हणाले. "आधी माझी बाजू नीट कर."