दोन चुली

करंजाड्याच्या त्या दुमजली घरात सासू-सुनेची चूल वेगळी होऊन वर्ष झालं होतं. खाली पुतळाआजी, वर सुचिता, आणि सुचिताची चौदा वर्षांची मुलगी समीक्षा रोज रात्री दोन्हीकडे जेवायची. खाली नको म्हटलं की 'आयनं पढवून धाडली हाय', वर नको म्हटलं की 'आलीस वाटतं तिच्याकडे गिळून'. त्यापेक्षा दोन्हीकडचं ताट गुपचूप संपवलेलं बरं, हे पोरीला केव्हाच कळून चुकलं होतं.

वजनाचा काटा ब्याऐंशीवर गेला, तेव्हा दोघी तिला डॉक्टरकडे घेऊन आल्या. एकीवर सोडायला दुसरी तयार नव्हती.

"मी भाकरी न् मासली देतंय. ही चरबी वरच्या घरातली हाय," पुतळाआजी भिंतीकडे बघत म्हणाली.

"मी चपात्या मोजून वाढते. खाली रोज तळण असतं," सुचिताने डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर समीक्षाकडे वळले. "म्हणजे रात्री दोनदा जेवतेस? मग एका ठिकाणचं बंद कर. कुठलं, ते तूच सांग."

दोघींच्या नजरा एकदमच तिच्यावर रोखल्या गेल्या.



"त्यापेक्षा मी शाळेतला डबा सोडते," समीक्षा म्हणाली. "तिथे कोण बघायला नसतं."