फाइलवाला

सुयोगच्या एकट्याच्या पगारावर मुलुंडच्या फ्लॅटचं कर्ज बसत नव्हतं. म्हणून अर्जावर सहअर्जदार म्हणून बाबांचं नाव घातलं, पेन्शनीच्या कागदांसकट.

बाबा, म्हणजे जयवंत साळसकर, मुळातच संशयी. त्यात शेजारच्या वनमालाबाईंना फोनवरून कुणीतरी गंडवलं, तेव्हापासून सुयोगने बजावूनच ठेवलं होतं, "बाबा, अनोळखी माणसाला काही म्हणजे काही सांगायचं नाही. नाव पण नाही."

मंगळवारी दुपारी घाटकोपरच्या त्यांच्या चाळीत एक माणूस दारात येऊन उभा राहिला. हातात फाइल, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. सुयोग साळसकर इथेच राहतात का, किती वर्षं, कामाला कुठे? जयवंतरावांनी जाळीचं दार उघडलंच नाही.

"असा कोणी इथे राहत नाही."

"आणि जयवंत साळसकर?"

माझंही नाव काढून आणलंय या भामट्याने. जयवंतरावांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि असं उत्तर दिलं, की तो हात जोडून "सॉरी काका" म्हणत जिना उतरला. त्याला कसा कटवला, हे त्यांनी सुयोगला सांगितलं नाही. उगाच पोरगं धास्तावेल.

आठवड्याभरात बँकेने अर्ज फेटाळला. सुयोग तणतणत बाबांना घेऊनच बँकेत गेला. मॅडमनी घरी पाठवलेल्या माणसाचा अहवाल काढून वाचला, "अर्जदार पत्त्यावर राहत नाही. सहअर्जदार दोन वर्षांपूर्वी वारले."

मग चष्म्यावरून जयवंतरावांकडे बघत त्यांनी सुयोगला विचारलं, "हे तुम्ही कोणाला घेऊन आलात?"