वरच्या ओळीतलं नाव

ओंकारनं व्हिडिओ गेमच्या पेटीचा दांडा धरला आणि कोंडीराम त्याच्या मनगटाकडे बघत राहिला. पोरगं हलक्या हाताचं होतं. असे हात त्यानं आयुष्यात एकाचेच बघितले होते.

नागापूरच्या एमआयडीसीत, चहाच्या टपरीला लागून असलेल्या त्या पत्र्याच्या गाळ्यात एकेकाळी व्हिडिओ गेमच्या पेट्या ओळीनं उभ्या असायच्या. पाळी सुटली की कामगारांची झुंबड उडायची. मोबाईल आला आणि एकेक पेटी भंगारात गेली. उरली ही एक. जपानी कंपनीचा जुना खेळ. तळाशी एकटं पांढरं विमान, वर काळ्या आभाळात रंगीत किड्यांचे थवे, अंगावर झेपावणारे. डाव संपला की ज्यांनी जास्त गुण केले त्यांची नावं उमटायची. नाव म्हणजे इंग्रजी तीन अक्षरं. पहिल्या ओळीत सी-एच-टी.

चेतन. कोंडीरामचा एकुलता एक. ती अक्षरं टाकली आणि दुसऱ्याच दिवशी बायपासला ट्रकनं त्याला उडवलं.

लाईट गेली की नावं पुसली जातात, हे चेतननंच सांगितलेलं. म्हणून कोंडीरामनं इन्व्हर्टर बसवून घेतला आणि पेटीचं बटण पुन्हा कधी बंद केलं नाही. सकाळी गाळा उघडला की काचेवर बोट ठेवून तो ती तीन अक्षरं चाचपायचा. पुढच्या आकड्यांकडे त्याचं लक्षही जात नसे. घरात लेकाचे कपडे विरत चालले होते, फोटो पिवळा पडत होता. ही अक्षरं मात्र उजेडाची होती. ती विरत नव्हती.

ओंकार पुण्याचा. जुन्या पेट्या गोळा करायचा नाद त्याला. सारखा मागं लागला तेव्हा कोंडीराम एकदा चिडून बोलून गेला, "माझ्या पोराचं नाव खाली पाडून दाव. पाडलंस तर ने पेटी!"

काल संध्याकाळी ओंकार आला, नावं बघून गेला, आणि आज सकाळी खेळायला उभा राहिला.

"उगं शब्द दिला," कोंडीराम पुटपुटला.

मधल्या खिडकीपलीकडे, टपरीत, त्याची बायको बनाबाई आलं ठेचत होती. तिनं मान वर केली नाही. "जाऊ द्या की मग. ह्या पेटीनं पोराचा अभ्यास खाल्ला, आता तुमचं डोस्कं खातीया."

"अगं, त्याचं नाव हाय त्याच्यात."

"लई दिसतंय ना तुमाला नाव. भांडी कोन घासनार, नाव?"

बाई पेटीला कधी सरळ नजरेनं बघायची नाही. त्यानं तिला दांड्याला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं.

पडद्यावर थवे फुटत होते. ओंकारचे खांदे हलत नव्हते, फक्त मनगट. "काका, जवळ आलोय," तो म्हणाला. "बघवत नसेल तर बाहेर जाऊन बसा."

"तू खेळ की गपचिप."

पेटीचं बटण हाताच्या अंतरावर होतं. एकदा दाबलं की ह्या पोराचा डाव संपला. कोंडीरामचा हात उचललाही गेला. पण त्याच बटणानं चेतनही पुसला जाणार होता. त्यानं हात खिशात घातला आणि मूठ आवळून धरली.

"आला," ओंकार कुजबुजला. "हा एवढा थवा..."

आणि पेटी काळी पडली.

वर पंखा फिरत राहिला. ट्यूब जळत राहिली. रस्त्यापलीकडच्या वर्कशॉपचा खडखडाट तेवढा थांबला होता.

"लाईट गेली," ओंकार म्हणाला.

"आरं पन इन्व्हर्टर हाय!" कोंडीरामचा आवाज चिरकला. "पंखा चालू हाय की!"

ओंकार वाकून पेटीमागं गेला. वायर हातात धरून त्यानं ती भिंतीपर्यंत नेली. "काका, इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब आणि पंखाय. पेटीची वायर सरळ मीटरकडे गेलीय. ही कधी जोडलेलीच नाही."

कोंडीराम खाली बसला. तेवढ्यात लाईट आली. पेटी उजळली, किडे नाचले, नावं उमटली. सगळी कंपनीनं आतून घातलेली, परकी. सी-एच-टी कुठंच नव्हतं.

"ने बाबा पेटी," तो म्हणाला. "आता तिच्यात माझं काय न्हाई."

ओंकार हलला नाही. "इथली लाईट एरवी कधी जाते?"

"कंपन्यांच्या सुट्टीच्या वारी. दर आठवड्याला, दुरुस्तीला. मी त्या दिवशी गाळा लावून घोडेगावच्या गुरांच्या बाजारात बसतो, दावी-कासरे विकायला. ही मागं ऱ्हाती, झाडून घेती."

"मागची सुट्टी कधी झाली?"

"परवा."

"मग परवाच पुसलं असणार." ओंकार सावकाश बोलला. "पण काल संध्याकाळी नाव होतं. मी बघितलं, काका."

कोंडीरामच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुसलेलं नाव परत उमटतं? एक क्षण त्याला वाटलं, पोरगं येतंय. आपण बाजारात असतो तेव्हा ह्या गाळ्यात येऊन उभं राहतंय. त्याचे डोळे दाराकडे गेले.

दाराशी बनाबाई होती.

तिनं हात लुगड्याला पुसले, पदर कमरेला खोचला. "सरका जरा, दादा," ती ओंकारला म्हणाली आणि पेटीसमोर उभी राहिली. न बघता हात दांड्यावर गेला, जात्याच्या खुंट्यावर जावा तसा. पहिला थवा खाली उतरायच्या आत फुटला. मग दुसरा. ओंकार पाऊलभर मागं सरला.

"बना..." कोंडीराम उठून तिच्या मागं आला.

"बोलू नगा," तिनं पडद्यावरची नजर काढली नाही. "दर बारीला तुमी बाजाराहून येईस्तोवर त्याचं नाव घालून ठेवते. आज तुमी मागं उभे, नेम चुकंल माझा."