उतारावरची जीप

खंडेरावांची जुनी फोर-बाय-फोर जीप सेल्फवर कधीमधीच सुरू व्हायची, म्हणून ते ती कायम उतारावरच लावत. ब्रेक सोडला की घरंगळत चालू. आज गिऱ्हाइकाला दाखवतानाही तिथेच लावली होती. पेठच्या पाड्यांवर फिरणाऱ्या डॉक्टरीणबाई चक्कर मारून आल्या आणि त्यांनी जीप नेमकी सपाट अंगणात बंद केली. “दादा, अडलेली बाई घेऊन सावळघाट चढायचाय. मध्येच दगा नाही ना देणार?” खंडेरावांनी उताराकडे पाहिलं. बाईंनी किल्ली फिरवली आणि जीप चक्क पहिल्याच झटक्याला सुरू झाली. “खंडोबा पावला!” कुसाबाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या. “आवं, आता गप बसा.” “ठरलं, घेतली!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण खंडेराव खिडकीपाशी वाकले. “ताई, एकदा लागली म्हणून भुलू नका. बंद करून परत सेल्फ मारा, नाहीतर घाटात अडलेल्या बाईलाच ढकलायला उतरवाल.”