थोड्यांतली एक

सकाळी लेकीने टॅबवरच्या रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि टॅब गप्प राहिला.

चार वर्षांची पोर, तोंडातून शब्द फुटत नव्हता. अॅपमधल्या चित्रावर बोट ठेवलं की टॅबच तिच्या वतीने बोलायचा. रडका चेहरा म्हणजे ‘दुखतंय’. मग पडद्यावर एक बाहुली यायची, तिच्या पोटावर नाहीतर कानावर बोट ठेवायचं, की कुठे ते कळायचं. आज बाहुली आलीच नाही. वर नुसती एक राखाडी पट्टी: ही सेवा बंद करण्यात आली आहे.

“कुठे दुखतंय, राणी? पोट? कान?” आईने सगळीकडे हात लावून पाहिला. पोर टॅबवरून नजर काढेना.

आईने अॅपवाल्यांना फोन लावला. हे अॅप दोन मैत्रिणी चालवायच्या तेव्हा त्यांच्यातलीच एक फोन उचलायची. मग मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं. आता आकडे दाबून दाबून बोट दुखल्यावर एकदाची एक मुलगी बोलली.

“मॅडम, ते वापरणारे फार थोडे होते, म्हणून बंद केलं.”

“थोडे म्हणजे किती?”

“चाळीस हजार.”

“चाळीस हजार मुलं थोडी?”

“मला नाही हो, कंपनीला.” मुलीचा आवाज खाली आला. “इथे कोटीच्या खालचं कुणी मोजतच नाही.”

“मग मी बोलू कुणाशी?”

“ते आम्हालाही कुणी सांगत नाही, ताई.” मग घोकलेलं वाक्य आलं, “आणखी काही मदत करू शकते का?”

नवरा बुटाची नाडी बांधत होता. “दुसरं अॅप घेऊ.”

“हे शिकायला तिला दीड वर्ष लागलं.”

“अगं, मग काय करू? त्यांच्या दारात जाऊन बसू? दार तरी दाखव मला!” त्याने बांधलेली नाडी पुन्हा सोडली. “चल, आधी डॉक्टरकडे नेऊ.”

“आणि डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय?”

त्याने सोडलेली नाडी परत बांधायला घेतली.

पोर दाबतच होती. आधी हळू, मग जोरात, मग अंगठ्याने. शेवटी तिने स्वतःचा हात मागे घेतला, आईचं मोठं बोट मुठीत धरलं, रडक्या चेहऱ्यावर नेऊन दाबलं आणि कान देऊन बसली.