सुतळीने बांधलेले घड

सिन्नर रस्त्यावरचं योगेशचं कृषी पर्यटन केंद्र ओस पडत चाललं होतं. म्हणून सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी त्याने द्राक्षबागेची छाटणी थांबवली आणि नाशिकच्या द्वारका चौकातल्या फळबाजारातून घड आणून वेलींना सुतळीने बांधले. रविवारी मुंबईकर टोपल्या घेऊन बागेत शिरले. एका बाईंनी ओढलेला घड सुतळीसकट हातात आला. "हे काय?" "आधार दिलाय, मॅडम," योगेश म्हणाला. त्याची आई कुसाबाई कात्री घेऊन आली. "आधार कसला? विकतचा माल हाय. आपली द्राक्षं मार्चातच संपली." "आई, गप्प! केंद्र बंद पडेल." "पडू दे! मे उजाडला तरी छाटणी नाय. यांच्या फोटोपायी पुढच्या सालचं पीक मारायचं का?" तिने कात्री चालवली. फांद्यांसोबत बांधलेले घडही पडू लागले. "आम्ही द्राक्षं तोडायला आलोय!" बाई चिडल्या. "मग फेब्रुवारीत या, ताई. आज बाग छाटली तरच लागतील."