आठव्या क्रमांकाचा फोटो

सकाळी साडेअकराला धावपटू मुलीने आईसमोर आपला प्रियकर आणून उभा केला. खरं तर तो एका दैनिकाचा क्रीडा छायाचित्रकार, आणि प्रेमाचं हे नाटक फक्त निवड चाचणीपर्यंत चालायचं होतं. आईला ते पटलं नाही, तर तिने पसंत केलेल्या मुलाशी लग्न आणि धावणं कायमचं बंद.

"कधीपासून चाललंय हे?"

"दोन महिने झाले, काकू."

"मग फोटो दाखव की! जगाचे काढत फिरतोस ना?"

घाईघाईत त्याने तिच्या नावाचं फोल्डर उघडलं आणि लॅपटॉप पुढे सरकवला. आईने चष्मा चढवला.

"अरे, हा तर चार वर्षांपूर्वीच्या शर्यतीचा. तेव्हा ही आठवी आली होती. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली होती."

"हो, काकू."

"तुमच्या पेपरात पहिल्या तिघींचेच फोटो येतात. मग आठव्या नंबरचा कशाला काढलास रे?"

&nbsp;

बारा वाजून गेले तरी तो लॅपटॉप मिटायच्याच खटपटीत आहे. फक्त आता तोच प्रश्न आईऐवजी लेक विचारते आहे.